अधांतरी बैठक

तो दिसण्याआधी ऐकू येतो. स्वयंपाकघराची खिडकी मी चार बोटं उघडी ठेवते ती एवढ्यासाठीच. बाहेर वळचणीच्या हुकाला लाल झाकणाचा, बशीच्या आकाराचा, चार भोकांचा फीडर टांगलेला आहे. डिसेंबरातली सकाळ, सूर्य उगवायला अजून वीसेक मिनिटं. भुंग्यासारखी एक खोल घूं लांबून येते, एका जागी थबकते, आणि त्या जागी पक्षी असतो. फीडरपासून वीतभर अंतरावर तो हवेत उभा राहतो. लगेच पीत नाही. डोकं किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, एकदा वर. मग सरळ रेषेत पुढे येऊन चोच भोकात घालतो. दोन-तीन सेकंद. चोच काढून मागे सरकतो ते पाठ न वळवता, गाभाऱ्यातून माणूस देवाकडे तोंड ठेवून मागे येतो तसा. पुन्हा उभा राहतो, पुन्हा पुढे जातो. असं तीन-चारदा झालं की जागा रिकामी. कुठल्या दिशेनं गेला ते बहुतेक वेळा डोळ्यांना सापडत नाही. सगळं मिळून दहा-बारा सेकंद.

या दहा-बारा सेकंदांत काय पाहायचं हे उमगायला मला तीन हिवाळे लागले. पहिल्या वर्षी मी फक्त पिणं पाहत होते. चोच भोकात गेली की आनंद, बाहेर आली की संपलं. दुसऱ्या वर्षी पंख. तिसऱ्या वर्षी केव्हातरी लक्षात आलं की तो पीत असताना माझा श्वास अडकतच नाही. दोन घोटांच्या मधे तो मागे येऊन काहीही न करता अधांतरी थांबतो, तेव्हा अडकतो. तेव्हापासून मी त्या थांबण्याची वाट पाहते, आणि या पक्ष्याचं बाकीचं सगळं मला त्या थांबण्याच्या उजेडात दिसू लागलं आहे.

हे घर माझ्या मुलीचं, कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ. मागच्या अंगणात लिंबाचं एक झाड, लाकडी कुंपण, कुंपणाला लागून सेजची जांभळी झुडपं. पुण्यात आमच्या दारच्या जास्वंदीवर शिंजीर यायचे, त्यामुळे इथं पहिल्यांदा हमिंगबर्ड दिसला तेव्हा मी मुलीला म्हटलं, "अगं, हा तर आपला शिंजीर!" इथं पाहुणी आलेली जवळजवळ प्रत्येक मराठी बाई या खिडकीशी उभी राहून हेच म्हणते. चूक अगदी साहजिक आहे. तेवढाच इवला जीव, तशीच चमक, तसाच फुलांचा नाद. पण शिंजीर कसा पितो ते आठवून पाहावं. तो देठाला पायांनी धरतो, फांदीला उलटा लोंबकळतो, वाकडी चोच फुलात घालतो, कधी फुलाच्या बुडाला बाजूनं भोक पाडून मध चोरतो. क्षणभर तोही हवेत फडफडतो, पण बसायला जागा मिळाली की बसतो. चिमणी-कावळ्यांच्या मोठ्या गोतातला तो पक्षी, पायांवर विश्वास असलेला.

हमिंगबर्डचं खरं नातं आपल्याकडच्या दुसऱ्याच पाखराशी आहे, आणि ते कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ओट्याशी तशीच उभी होते. त्याची सख्खी भावकी म्हणजे पाकोळी. संध्याकाळी जुन्या वाड्यांवरून, देवळांच्या शिखरांभोवती, पुलांखालून चिरचिरत झुंडीनं गरगरणारी आपली पाकोळी. दोघांचे पाय नावापुरते, चालण्याच्या उपयोगाचे नाहीत. दोघांच्या पंखात दंडाचं हाड अगदी आखूड आणि पंजाचा भाग लांब. पाकोळीनं त्या पंखावर न थांबण्याची कला मिळवली, दिवसभर ती हवेत असते. हमिंगबर्डनं तसल्याच पंखावर जागच्या जागी थांबणं मिळवलं. आज या कुळातल्या साधारण 360 जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतच. तरी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे जीवाश्म जर्मनीत सापडले, ते 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जुन्या जगातही कधीतरी ही घूं होती.

आता ते थांबणं. इतर पक्षी पंख खाली मारतात तेव्हा वर उचलले जातात, पंख वर घेताना त्यांना फारसं काही मिळत नाही. हमिंगबर्ड खांद्यातून पंख जवळजवळ उलटा करतो. पुढे जाताना पंखाची खालची बाजू हवा दाबते, मागे येताना वरची. पंखाचं टोक हवेत आडवा इंग्रजी आठ काढत राहतं. 2005 मध्ये संशोधकांनी हवेतल्या भोवऱ्यांवरून मोजलं तेव्हा शरीराचा तीन-चतुर्थांश भार पुढच्या फटक्यावर आणि एक-चतुर्थांश मागच्या फटक्यावर पेलला जातो असं दिसलं. कीटकांमध्ये ही वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी असते, बाकी पक्ष्यांत सगळं ओझं एकाच फटक्यावर. हा मधेच कुठेतरी बसतो. खिडकीतून हे काहीच दिसत नाही. दिसतं ते एवढंच की खांद्यांच्या जागी दोन धुरकट अर्धवर्तुळं आहेत आणि त्यांच्या मधे एक डोळा, एक चोच, एक छाती निश्चल टांगली आहे. वारा आला तर फीडर झुलतो. पक्षी झुलत नाही, किंवा फीडरबरोबर नेमका तेवढाच झुलतो, त्यामुळे चोच आणि भोक यांतलं अंतर तेच राहतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

आणि आवाज. सेकंदाला चाळीसेक फटके म्हणजे मूळ स्वर अगदी खर्जातला, आपल्या कानाच्या तळाशी. तरी ती घूं भरदार आणि गोड का वाटते? 2021 मध्ये स्टॅनफर्ड आणि आइंडहोव्हेनच्या संशोधकांनी याच जातीच्या पक्ष्यांभोवती दोन हजारांहून जास्त मायक्रोफोन लावून याचा शोध घेतला. पंखाच्या दोन्ही फटक्यांत हवेवरचा दाब ज्या रीतीनं चढतो-उतरतो, त्यातून मूळ स्वरावर उपस्वरांचे थर उभे राहतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो ज्यानं कान लावून ऐकला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. माशीची भुणभुण कानाला टोचते. ही घूं अंगाला लागते. पक्षी थांबलेला असताना ती सलग असते, पुढे सरकताना किंचित चढते, आणि मान वळवताना तिच्यात एक बारीक लचक येते. डोळे मिटूनही मला आता कळतं की त्यानं मान कुठं वळवली.

पिण्याविषयीही सांगायला हवं, कारण ते दिसतं तसं नसतं. चोच म्हणजे नळी आणि पक्षी ओढून पितो, असं मला वाटायचं. जाणकारांनासुद्धा शतकाहून जास्त काळ वाटत होतं की जिभेच्या बारीक पन्हळीतून मध आपोआप वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी 2011 मध्ये दाखवलं की जिभेचं टोक दुभंगलेलं आणि झालरीचं असतं. मधात शिरताच ती झालर उलगडते, बाहेर येताना मिटते आणि थेंब पकडून आणते. 2015 मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं: चोचीच्या टोकाशी चपटी झालेली जीभ मधात जाताच फुगून आकार घेते आणि त्या फुगण्यानंच मध आत खेचला जातो. हे सेकंदाला पंधरा-वीस वेळा. जीभ इतकी लांब की तिचा आधार कवटीला मागून वळसा घालून पुढे येतो. बाहेरून दिसतं ते गळ्याचं एक हलकं थरथरणं आणि फीडरच्या पाण्यातून वर येणारा एखादा बुडबुडा. तो बुडबुडा मला फार आवडतो. एवढ्या वेगवान जीवाच्या पिण्याची खूण इतकी संथ आहे.

फीडरमधलं पाणी साधं: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. पहिल्या वर्षी मी गूळ घालणार होते, पौष्टिक म्हणून. वेळीच कळलं की गुळातलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही. मधही घालू नये, त्यात बुरशी लवकर धरते. बाजारात तयार लाल पाणी मिळतं, ते तर मुळीच आणू नये. झाकण लाल असतं तेवढं पुरतं, फुलातला मध कुठं लाल असतो? उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी सगळं ओतून फीडर गरम पाण्यानं आणि बारीक ब्रशनं धुवावा लागतो. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी फीडर टांगू नये, सेजचं रोपटं लावावं. एकदा साखरेचं माप चुकलं आणि पाणी पातळ झालं. तो आला, चोच घातली, क्षणात मागे झाला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ समोर थांबला. गंमत अशी की गोड ओळखण्याची ग्राही पक्ष्यांच्या वंशात फार पूर्वीच हरवली. हमिंगबर्डच्या पूर्वजांत, डाळीच्या किंवा मांसाच्या काढ्याला जी चव असते ती ओळखणारी ग्राही बदलत बदलत साखर ओळखू लागली, हे 2014 मध्ये सिद्ध झालं. म्हणजे माझ्या चुकीची परीक्षा घेणारी ती जीभ मुळात वरणाची होती.

माझ्या खिडकीतल्या जातीचं नाव ॲनाज हमिंगबर्ड. रेने लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं 1829 मध्ये रिव्होलीची डचेस ॲना मासेना हिच्यावरून ते ठेवलं. वजन चार-साडेचार ग्रॅम, आपल्या रुपयाच्या नाण्याहून थोडं जास्त. पाठ हिरवट, पोट राखी, आणि नराचं डोकं नि गळा बहुतेक वेळ काळपट. बहुतेक वेळ. मग थांबलेला असताना तो मान एक अंशभर वळवतो आणि संपूर्ण डोकं गुलबक्षी पेटतं. पुढच्या क्षणी पुन्हा काजळ. पैठणीचा पदर हलला की रंग पालटतो तसं वाटतं, पण पैठणीत दोन रंगांचे धागे खरोखर विणलेले असतात. इथं गुलबक्षी रंगाचा धागाच नाही. पिसात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या चपट्या कणांचे थर आहेत, त्यांच्यावर प्रकाश ठरावीक कोनात पडला तरच तो रंग जन्मतो. पिसाची पूड केली तर तपकिरी राख हाती येईल. म्हणून फीडर कुठं टांगायचा याचाही विचार करावा लागतो. मी तो खिडकीच्या उजवीकडे हलवला, त्यामुळे सकाळचं ऊन माझ्या पाठीमागून येतं आणि तो माझ्याकडे तोंड करून थांबला तर पेटतो. त्याआधी वर्षभर मी त्याला काळ्या गळ्याचा पक्षी समजत होते.

पण खिडकीशी उभं राहणारे बहुतेक जण पक्षी उडाला की ओट्याकडे वळतात, आणि माझ्या मते तिथंच खरा भाग सुरू होतो. तो जातो कुठं? लिंबाच्या शेंड्याला एक वाळकी काटकी आहे, पानं नसलेली. तो तिथं जाऊन बसतो. ज्याची ख्याती पंखांची, तो दिवसाचा बराच मोठा भाग बसून काढतो. हवेत थांबणं इतकं महाग आहे की बसल्याशिवाय परवडत नाही. ती काटकी त्यानं निवडली ती उगाच नाही. तिथून फीडरची चारही भोकं, सेजची झुडपं आणि कुंपणाची दोन्ही टोकं दिसतात. बसल्या बसल्या तो मधूनच जीभ बाहेर काढतो, पिसं फुगवतो, चिलट दिसलं तर झेपावून खातो (साखरेनं पोट भरतं, अंग किड्यांनी भरतं), आणि गातो. गाणं ऐकून निराश होऊ नये. कोरड्या लाकडावर बारीक कानस घासावी तसं ते खरखरीत आहे. पण ते तो ऐकून शिकलेला असतो. आवाज शिकून काढणारी पक्ष्यांची तीनच घराणी: गाणारे पक्षी, पोपट आणि हे.

दुसरा कुणी फीडरवर आला की काटकीवरून तो सुटतो. लोक म्हणतात, किती भांडखोर, चार भोकं आहेत, वाटून प्यायला काय जातं? मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. रानात फूल थेंबा-थेंबानं भरतं. दुसऱ्यानं थेंब नेला तर आपला फेरा फुकट गेला आणि थांबण्याचा खर्च अंगावर पडला. फीडर आटत नाही हे त्याला कोण सांगणार? शिवाय त्याचं भांडण हिशेबी आहे. दोन-तीन आगंतुक असतील तर तो हाकलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबूस रंगाचे प्रवासी हमिंगबर्ड उत्तरेकडे जाताना इथं थांबतात, एकेका वेळी पाच-सहा पक्षी घोटाळतात, तेव्हा हाच राखणदार काटकीवर बसून राहतो आणि चौथ्या भोकावर मुकाट पितो. हाकलण्याची किंमत मधाच्या वर गेली, एवढंच.

मादीचं येणं त्याहून बारीक पाहण्यासारखं. तिच्या गळ्यावर फक्त एक लहानसा लाल ठिपका. ती वरून येत नाही. कुंपणाच्या कडेनं, सेजच्या झुडपांमागून, जमिनीपासून हातभर उंचीवर येते, आणि राखणदार दुसऱ्या कुणाच्या पाठीमागे गेला की त्याच घटकेला वर उठून भोकाशी लागते. तिचं थांबणं त्याच्याहून लहान असतं, एका नजरेचं. डिसेंबरापासूनच तिचं घरटं सुरू होतं. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं, आत कापूस, बाहेर दगडफूल चिकटवलेलं, लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढं. वालाच्या दाण्याएवढी दोन पांढरी अंडी. पिल्लं वाढतात तशी जाळ्याची वीण ताणते आणि घरटं त्यांच्याबरोबर रुंदावतं. नर यात कुठंच नसतो. कुंपणाशी तिनं कोळ्याचं जाळं चोचीनं गोळा केलेलं मी पाहिलं, त्या दिवसापासून मी कुंपणावरची जळमटं काढलेली नाहीत.

नराचा मोठा प्रयोग फीडरवर होत नाही, पण त्याच अंगणात होतो. तो सरळ वर चढतो, तीसेक मीटर, ठिपका होईपर्यंत, आणि तिथून मादीकडे कोसळतो. तळाशी वळताना एक टोकदार, शिट्टीसारखा आवाज फुटतो. तो गळ्यातून येतो की शेपटीतून यावर पुष्कळ वाद झाला होता. बर्कलीच्या ख्रिस्तोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ यांनी 2008 मध्ये दाखवलं की शेपटीची कडेची पिसं क्षणभर पसरली की वाऱ्यात फडफडून ती शीळ निघते, पियानोच्या शेवटच्या पट्टीच्या आसपास. पुढच्या वर्षी क्लार्क यांनी वेग मोजला: सेकंदाला आपल्या लांबीच्या 385 पट. उन्हाच्या दिवशी नर झेपेची दिशा अशी धरतो की वळताना गळ्यावर सूर्य पडावा. हे सगळं थक्क करणारं आहेच. तरी मला विचाराल तर झेपेच्या आधी, वर, तो ठिपका होऊन क्षणभर तरंगतो ना, माझा जीव तिथं अडकतो.

म्हणूनच छायाचित्रांविषयी माझं मन थोडं दोलायमान आहे. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात स्ट्रोबच्या लखलखाटात हे पक्षी टिपले. ड्यूपॉंट कंपनीचे प्रमुख असलेल्या क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी 1960 मध्ये त्यांच्यावर अख्खा ग्रंथ काढला. त्या चित्रांत पंखाचं पीस न् पीस मोजता येतं आणि ज्ञानाच्या दृष्टीनं त्याचं मोल फार मोठं आहे. पण पंख गोठला की थांबणंही गोठतं. धुरकट पंख आणि स्वच्छ डोळा एकत्र दिसतात, ते फक्त खिडकीशी.

या सुखात आपला हात किती, हाही विचार मनात येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी मेक्सिकोच्या बाहा भागात आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडेच होता. बागा वाढल्या, परदेशातून आलेली निलगिरीची झाडं हिवाळ्यात फुलू लागली, घरोघरी फीडर आले, आणि तो पुढे सरकत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोचला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहता, फीडर वाढले तशी त्याच्या चोचीची लांबी आणि घडणही बदलत गेल्याचं दिसलं. माझी चार वाट्या पाण्याची बशी कुणाच्या तरी चोचीला वळण देते आहे. ब्रश फिरवताना हे आठवलं की हात आपोआप नीट चालतो.

संध्याकाळी अंधार पडता पडता तो शेवटचं पिऊन जातो, सकाळपेक्षा लांब, थांबे कमी. थंडीच्या रात्री त्याचं शरीर जवळजवळ विझतं. चाळीस अंशांच्या आसपासचं तापमान घसरतं, मिनिटाला शेकड्यांनी धावणारं हृदय मोजता येईल इतकं मंदावतं. पहाटे थरथरत तो पुन्हा स्वतःला तापवतो. अंधारातली पहिली घूं ऐकताना मला हे आठवतं, आणि म्हणून मी फीडर रात्री कधी धुवायला काढत नाही. सकाळी दहाच्या सुमारास काढते, तो पिऊन काटकीवर बसला की.

गेल्या मंगळवारी तसाच काढला. नळाखाली ब्रश फिरवत होते आणि घूं आली. कॅनडाच्या डोंगरांत तांबूस हमिंगबर्डवर प्रयोग करणाऱ्यांना 2006 मध्ये आढळलं होतं की कोणतं कृत्रिम फूल कुठं आहे आणि ते दहा मिनिटांनी भरतं की वीस, हे त्या पक्ष्यांना लक्षात ठेवता येतं. मी हे वाचलेलं होतं. तरी वर पाहिलं तेव्हा हातातला ब्रश थांबला. हुक रिकामा होता. तो हुकाखाली, फीडर नसलेल्या जागेसमोर, बरोबर वीतभर अंतरावर थांबला होता. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सरळ पुढे येऊन, जिथं भोक असायचं तिथं, हवेत चोच नेली. मागे आला, पाठ न वळवता. थोडं पलीकडे सरकून दुसऱ्या भोकाच्या जागी थांबला. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, त्यानं मान वळवली आणि डोकं पेटलं. मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी साखरपाणी ओतायला घेतलं.